गवंड्याची नळी आणि कार्बोरेटरची वाटी

चतुर्थीला दोन दिवस राहिले की आमच्या तोंडवलीत भजनाच्या आधी दुसराच एक आवाज घुमू लागतो. किक मारल्याचा. चाकरमानी कणकवलीला रेल्वेतून उतरून घरी पोचलेला असतो. मे महिन्यात मांगरात ढकलून, वर प्लास्टिक घालून ठेवलेली मोटारसायकल त्याने खळ्यात काढलेली असते आणि ती काही केल्या सुरू होत नाही. आधी तो स्वतः, मग शेजारचा पोरगा, मग पाहुणा म्हणून आलेला जावई, अशा पाळीपाळीने किका बसतात. चोक ओढला की इंजिन दोनदा खोकतं, चोक बंद केला की मान टाकतं. इकडे बाजार आणायचा असतो, माटवीचं सामान आणायचं असतं आणि गाडी ढिम्म.

माझ्याकडेही अशीच एक जुनी गाडी आहे. पहिली काही वर्षं मी दर वेळी तेच करायचो: कार्बोरेटर खोलायचा, पेट्रोलने धुवायचा, फुंकर मारायची, परत बसवायचा. कधी गाडी चालायची, कधी नाही. चालली तर का चालली ते कळायचं नाही, आणि नाही चालली तरी का नाही तेही कळायचं नाही. एकदा गावातले म्हातारे मेस्त्री माझा तो उद्योग बघत कठड्यावर बसले होते. शेवटी म्हणाले, "तू खोलतस जास्ती, बगतस कमी."

त्या एका वाक्यावर हा लेख आहे. कार्बोरेटर ही बंद डबी आहे. आत पेट्रोल किती आहे, ते थांबतंय की गळतंय, त्यात पाणी आहे का, हे बाहेरून दिसत नाही. कारखान्यांत त्यासाठी महागडी उपकरणं असतात. घरात मात्र नळी, बाटली, तार आणि बरणी एवढ्यावर बरंच काही दिसू शकतं. ही साधनं स्वस्त आहेतच. पण त्यांचं मोल यात आहे, की खोलण्याआधी ती आपल्याला बघायला लावतात.

वाटीत काय घडतं

पूर्वी ढेकूण-डासांवर मारायचा फ्लिटचा पंप आठवा. दांडा दाबला की हवा एका बारीक नळीच्या तोंडावरून जोरात जायची आणि खालच्या डब्यातलं औषध वर खेचलं जाऊन तुषार उडायचे. कार्बोरेटर तेच करतो. फरक इतकाच, की इथे दांडा दाबायला कुणी नसतं. इंजिनाचा पिस्टन हवा ओढतो. हवेची वाट मध्ये अरुंद केलेली असते. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर येतं. अरुंद वाटेतला हा दाबाचा फरक इटलीच्या जोवान्नी व्हेंच्युरी यांनी 1797 साली मांडला. 1893 च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी, आणि हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनी तो इंजिनाच्या कामाला जुंपला. त्यानंतर शंभर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच युक्तीवर धावल्या. आपल्याकडची 1972 सालची बजाज चेतक, त्याच वर्षीची लुना, पुढे कोकणातल्या रस्त्यांवर मागे माशांचे क्रेट बांधून पळणारी एम-एटी, सगळ्यांच्या पोटात ही डबी होतीच.

पेट्रोल नीट जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण 14.7 किलो हवा लागते. हे प्रमाण सांभाळायला वाटीतली पेट्रोलची पातळी कायम एका उंचीवर राहावी लागते. ते काम फ्लोटचं. संडासाच्या फ्लशच्या टाकीत जसा गोळा असतो, तसाच हा छोटा तरंगा. पेट्रोल वर आलं की तो उचलला जातो आणि एक सुई, आपल्याकडचे मेकॅनिक जिला पिन म्हणतात, ती आत येणारी वाट बंद करते. पातळी उतरली की वाट पुन्हा उघडते.

आता ही गाडी तीन महिने मांगरात उभी आहे असं समजा. बाहेर सिंधुदुर्गाचा पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. तोंडवली-तळाशीलला तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी. कपाटातलं मीठही जिथे ओलं होतं तिथे मांगराची काय कथा. वाटीत पेट्रोल किती, तर चहाच्या अर्ध्या कपाएवढंही नाही. वाटीला हवा जायला एक भोक असतं. त्या भोकातून पेट्रोलचे हलके घटक उडून जातात. उरलेल्या घटकांवर हवेतल्या प्राणवायूची क्रिया होऊन तपकिरी, चिकट राळ बनते. ही राळ सगळ्यात आधी बसते पायलट जेटवर, कारण त्याचं भोक सगळ्यात बारीक. गाडी मंद गतीवर चालते ती या जेटवर. ते बुजलं की चोकवर खोकणारी आणि चोक काढला की मरणारी गाडी तयार होते. खळ्यातल्या त्या किकांचं मूळ बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान अशा एका भोकात असतं.

जोत्याची पातळी, वाटीची पातळी

आमच्याकडे चिऱ्याचं घर बांधताना गवंडी जोत्याची पातळी कशी बघतो ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पाण्याने भरलेली लांब पारदर्शक नळी. एक टोक या कोपऱ्यावर, दुसरं त्या कोपऱ्यावर. मधली नळी जमिनीवर कशीही वेटोळी पडलेली असो, दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीला थांबतं. यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा इमानी पाणसळ अजून निघालेली नाही.

तीच नळी कार्बोरेटरला चालते. वाटीच्या तळाशी पेट्रोल काढून टाकायला एक स्क्रू असतो. बऱ्याच कार्बोरेटरला त्याच्या शेजारी नळी बसेल अशी छोटी चोच असते. चोचीला पारदर्शक नळी लावायची, तिचं मोकळं टोक वर वळवून वाटीच्या अंगाला टेकवायचं आणि स्क्रू सैल करायचा. नळीत पेट्रोल चढतं आणि वाटीत जेवढी पातळी आहे तेवढ्याच उंचीला थांबतं. डबी न उघडता आतली पातळी बाहेर दिसते. वाटी आणि झाकण जिथे जुळतात त्या सांध्यापासून ती रेघ किती वर वा खाली हवी, हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ज्या कार्बोरेटरला चोच नाही, खाली नुसता बोल्ट आहे, तिथे भंगारातून तसाच बोल्ट आणायचा, त्याला मधोमध आरपार भोक पाडायचं आणि त्यात पितळेची बारीक नळी झाळून घ्यायची. चोच तयार.

मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा घरात पडलेली सलाईनची नळी वापरली. रेघ हवी त्याच्या कितीतरी वर. फ्लोटची पट्टी वाकवली, पुन्हा मोजलं. आता गाडी उपाशी राहू लागली, चढावर धाप टाकू लागली. चूक गाडीची नव्हती, नळीची होती. द्रव बारीक नळीच्या भिंतीला चिकटून आपणहून थोडा वर चढतो. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. तीन मिलिमीटर पोकळीच्या नळीत पेट्रोल खऱ्या पातळीपेक्षा तीन मिलिमीटरच्याही वर चढून बसतं. फ्लोटच्या हिशेबात एक-दोन मिलिमीटरला किंमत असते. तिथे तीन म्हणजे सगळंच गणित चुकलं. आठ मिलिमीटर पोकळीच्या नळीत हीच चूक एक मिलिमीटरच्या आत येते. शेजारी कुंपणाची भिंत चालली होती. तिथल्या गवंड्याकडून मी त्याच्या लेव्हल पायपाचा हातभर तुकडा मागून आणला. "एवढोसो तुकडो कित्याक व्हयो?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नळी कापून दिली. त्याचा विश्वास बसला असावा असं वाटलं नाही.

बाकीची पथ्यं गवंड्याचीच. नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, कारण बुडबुडा पातळी खोटी करतो. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी, सरळ उभी हवी. डोळा रेघेच्या समोर आणायचा, वरून बघायचं नाही. आणि गाडी जरा वेळ चालवून मगच मोजायचं, म्हणजे फ्लोट हलून आपल्या जागी बसतो.

टांगलेली बाटली

टाकी काढल्यावर गाडीला पेट्रोल कुठून द्यायचं? महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात याचं उत्तर छताला टांगलेलं दिसेल: सलाईनची बाटली. मात्र दवाखान्यातून फेकलेली घ्यायची नाही. तो जैविक कचरा आहे. औषधाच्या दुकानात नवा सेट किरकोळ पैशांत मिळतो.

या सेटमध्ये तीन गोष्टी फुकट मिळतात. एक, नळी दाबणारं चाक, म्हणजे नळ. दोन, नळी. आणि तिसरी सगळ्यात मोलाची: मधली थेंब पडणारी काचेसारखी डबी. बहुतेक गॅरेजवाले बाटलीकडे टाकी म्हणूनच बघतात, त्या डबीकडे लक्ष देत नाहीत. खरं म्हणजे पिन गळते की नाही हे सांगणारं ते उत्तम यंत्र आहे. इंजिन बंद ठेवून चाक उघडायचं. सुरुवातीला धार लागते, कारण वाटी भरत असते. मग धारेचे थेंब होतात, थेंब विरळ होतात आणि थांबतात. थांबले म्हणजे पिन नीट बसली. न थांबता पडत राहिले म्हणजे पिन किंवा तिची बैठक झिजली आहे, किंवा मध्ये कण अडकला आहे. साध्या सेटमध्ये वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. दर तीन सेकंदांनी एक थेंब पडतोय असं समजा. मिनिटाला वीस थेंब, म्हणजे एक मिलिलिटर. ऐकायला किती क्षुल्लक. पण आठ तासांच्या एका रात्रीत ते जवळपास अर्धा लिटर होतं. सकाळी गाडीखाली डाग आणि टाकीत पेट्रोल कमी, याचा हिशेब रात्री त्या डबीत मोजता येतो.

बाटली किती उंच टांगायची यालाही कारण आहे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. त्याची घनता पाण्याच्या पाऊणपट धरली तरी चालेल. टाकी कार्बोरेटरच्या तीस सेंटिमीटर वर असेल आणि पिनच्या बैठकीचं भोक दोन मिलिमीटरचं असेल, तर पिनवर येणारा भार जेमतेम पाऊण ग्रॅम. बाटली पडवीच्या वाशाला, दीड मीटर वर टांगली तर तोच भार पाचपट होतो. मग चांगली पिनसुद्धा गळते आणि आपण विनाकारण नवी आणतो. म्हणून बाटली टाकीच्याच उंचीला हवी. कडक बाटली असेल तर वर हवा जायला सुईने भोक पाडावं लागतं, नाहीतर थोडं पेट्रोल उतरल्यावर प्रवाह अडतो. गाडीच्या टाकीच्या झाकणालाही असंच भोक असतं. ते मातीने बुजलं की गाडी चार-पाच किलोमीटर छान चालते आणि बंद पडते, झाकण उघडलं की पुन्हा चालते. या आजारात अनेक निरपराध कार्बोरेटर खोलले गेले आहेत.

एक सावधगिरी. सलाईनची नळी पेट्रोलसाठी बनवलेली नसते. तिला मऊ ठेवणारा घटक पेट्रोल धुऊन नेतं, आणि थोड्याच दिवसांत ती कडक, पिवळी होऊन तडकते. तपासणीपुरती वापरायची, गाडीवर कायमची ठेवायची नाही.

फुंकर आणि फूटपट्टी

कार्बोरेटर हातात आहे, वाटी काढली आहे आणि पिन बदलायची की नाही ते ठरवायचं आहे. यासाठी लाकडाच्या फळीवर शाळेची तीस सेंटिमीटरची फूटपट्टी ठोकायची आणि तिच्या दोन्ही अंगांनी पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून बसवायची. नळीत अर्ध्यापर्यंत पाणी. दिसायला सोपं जावं म्हणून त्यात थोडं कुंकू. एका टोकाला आंब्याच्या बागेत ठिबकला वापरतात तसा प्लास्टिकचा छोटा टी. टीचं एक तोंड कार्बोरेटरच्या पेट्रोल येण्याच्या वाटेला, दुसरं आपल्या तोंडाला.

कार्बोरेटर उलटा धरला की फ्लोट आपल्या वजनाने पिन बंद करतो. हळूच फुंकर मारायची, पाण्याच्या दोन पातळ्यांत वीस-पंचवीस सेंटिमीटरचा फरक पडला की तोंडाकडची नळी चिमटीत दाबायची आणि मिनिटभर बघत राहायचं. पाणी जागेवर राहिलं तर पिन उत्तम. हळूहळू उतरलं तर गळती आहे. आधी दुसऱ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बघायचं, कारण कित्येकदा गळती आपल्याच टीमध्ये असते. बाजारातून आणलेली नवी पिनही याच परीक्षेतून जाऊ द्यावी. नवी म्हणजे चांगली असं नसतं.

याच फळीचा मोठा भाऊ दोन कार्बोरेटरच्या गाड्यांना लागतो. दोन सिलिंडर सारखीच हवा ओढतात का ते बघायला दोघांचे निर्वात यू नळीच्या दोन टोकांना जोडतात, आत पाण्याऐवजी तेल घालतात आणि वाटेत दोन रिकाम्या बाटल्या ठेवतात, म्हणजे चुकून तेल ओढलं गेलं तरी ते बाटलीत पडेल, इंजिनात जाणार नाही. इंजिनाच्या ठोक्याबरोबर तेल नाचू नये म्हणून नळीत एखादा जुना जेट खोचतात. पाऱ्याच्या एक मिलिमीटरएवढा फरक या तेलात साडेपंधरा मिलिमीटरने दिसतो, इतकी ही नळी जागरूक. 1983 सालच्या राजदूत 350 लाही दोन कार्बोरेटर होते, पण ती टू-स्ट्रोक. तिच्या जुळवणीला सायकलच्या एकाच स्पोकचे दोन तुकडे पुरतात: मूठ फिरवली की हवेची वाट उघडत वर उचलल्या जाणाऱ्या दोन्ही स्लाइडखाली एकेक तुकडा ठेवायचा आणि अ‍ॅक्सिलेटर हळूच फिरवायचा. दोन्ही तुकडे एकाच क्षणी सुटले पाहिजेत.

तार, हीर आणि आमसूल

जेट साफ करताना सगळ्यात जास्त नासधूस होते. जेट पितळेचा, म्हणजे मऊ. त्यात शिवणाची सुई किंवा गिटारची पोलादी तार घातली की भोक ओरखडतं. 0.40 मिलिमीटरचं भोक घासून 0.42 झालं तर डोळ्यांना काय कळणार? पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे पेट्रोलची वाट दहा टक्क्यांनी रुंद झाली. मायलेज का पडलं, हे मग वर्षभर शोधत बसायचं.

यावर विजेच्या दुकानातली वायर चालते. जुने वायरमन तिला 'चौदा-छत्तीस' किंवा 'तेवीस-छत्तीस' म्हणतात. म्हणजे छत्तीस गेजच्या चौदा किंवा तेवीस तारा. छत्तीस गेजची एक तार 0.19 मिलिमीटर जाडीची, तांब्याची, पितळापेक्षा मऊ. कितीही घासली तरी झिजली तर तीच झिजेल. जेट उजेडाकडे धरून भोक गोल दिसतंय का ते बघायचं. नुसता उजेड दिसला म्हणून समाधान मानायचं नाही. कडेला राळेची चंद्रकोर राहिलेली असते.

वाटीचे कोपरे खरवडायला स्क्रू ड्रायव्हर नको. आमच्याकडे माडाच्या झावळाचे हीर घरोघरी. वाडवणीतला एक हीर तोडून टोक तिरकं कापलं की वाटीला ओरखडा न पाडणारी खरवडणी तयार. टोकाला कापूस गुंडाळून पितळ चमकवायच्या मलमाचा ठिपका लावला आणि बोटांत फिरवला, की पिनची बैठक स्वच्छ होते. पायलट जेट खोल भोकात असतो. त्यासाठी सायकलच्या स्पोकचं टोक हातोडीने चपटं करून कानशीने जेटच्या खाचेइतकं रुंद करायचं. रुंद पात्याचा ड्रायव्हर कडा खातो, अरुंद पातं खाच खातं. आणि सुटा झालेला प्रत्येक भाग वेगळ्या करटीत. नारळाच्या करवंट्यांना आमच्याकडे तोटा नाही, आणि पाच करट्या ओळीने मांडल्या की भाग कुठल्या क्रमाने निघाले तेही लक्षात राहतं. स्लाइडला लटकणाऱ्या नीडलची (ही फ्लोटची पिन नव्हे) क्लिप मात्र पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालूनच काढावी. ती उडते, आणि तोंडवलीच्या अंगणात उडाली तर वाळूत. चुंबक फिरवायला जावं तर कोकणच्या वाळूतले काळे लोहखनिजाचे कणच आधी त्याला चिकटतात.

आता धुण्याचं. इथे रंग बघून औषध ठरवायचं. तपकिरी, चिकट थर ही राळ. ती पाण्यात किंवा आंबटात विरघळत नाही. तिला थिनर लागतो. पितळेवर हिरवा काट असेल तर तो खाऱ्या, ओल्या हवेचा. पूजेची भांडी ज्या आमसुलाने किंवा चिंचेने उजळतात, त्याच्याच कोमट पाण्यात जेट काही मिनिटं ठेवले की हिरवा काट सुटतो. नंतर सोड्याच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात खळबळून वाळवायचे. पण हे पितळेच्या सुट्या भागांपुरतंच. कार्बोरेटरचं अंग जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं आणि आंबट त्याला खातं. अख्खा कार्बोरेटर आमसुलाच्या पाण्यात बुडवून ठेवणाऱ्याने दुसऱ्या दिवशी नव्याचे पैसे तयार ठेवावेत. वाटीच्या तळाला पांढरी भुकटी दिसली, तर ती या धातूवर पाणी साचून राहिल्याची खूण.

लोणच्याची बरणी

ते पाणी आलं कुठून, हे सांगणारं साधन सगळ्यात साधं: काचेची रिकामी बरणी. वाटीतलं पेट्रोल तिच्यात काढायचं आणि दोन मिनिटं हलवायचं नाही. पाणी पेट्रोलपेक्षा जड. ते तळाशी काचेच्या मण्यांसारखं गोळा होतं.

इथेनॉल आल्यापासून ही बरणी जास्त महत्त्वाची झाली आहे. आपल्या देशात 2022 च्या जूनमध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल दहा टक्क्यांवर पोचलं आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांवर. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. दहा टक्के इथेनॉलचं एक लिटर पेट्रोल साधारण पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा पाणी पोटात घेतं आणि तसं दाखवतही नाही. त्यापुढे पाणी वाढलं की एकदम फारकत होते: पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात, वर उरतं इथेनॉल गमावलेलं पेट्रोल. आणि जेट पेट्रोल पितात ते तळाकडूनच. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवली की तिच्यातल्या ओल्या हवेला श्वास घ्यायला भरपूर जागा मिळते. म्हणून गाडी ठेवायची तर टाकी भरून, आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करून. पेट्रोलचा कॉक बंद करायचा, इंजिन आपणहून मरेपर्यंत चालू द्यायचं, मग ड्रेन स्क्रू उघडून उरलंसुरलं काढायचं. मे महिन्यातल्या या पाच मिनिटांनी भाद्रपदातल्या पन्नास किका वाचतात.

इथेनॉल किती आहे तेही घरी अजमावता येतं. बाळाची खुणा असलेली दुधाची जुनी बाटली घ्यायची, पुन्हा दुधाला न वापरण्याच्या बोलीवर. तिच्यात वीस मिलिलिटर पाणी आणि वर शंभर मिलिलिटर पेट्रोल घालून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पाण्याकडे जातं आणि खालचा थर फुगतो. वीसचा चाळीसच्या जवळ गेला तर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास इथेनॉल आहे.

मुठीवरच्या रेघा

सगळं जुळवल्यावर गाडी रस्त्यावर न्यायची. तोंडवलीहून आचऱ्याकडे जाताना ती मध्येच अडखळली, तर दोष कुठल्या जेटचा? यासाठी रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी पुरते. अ‍ॅक्सिलेटरच्या मुठीवर एक पट्टी, शेजारच्या स्थिर भागावर एक. मूठ बंद, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण उघडी, अशा पाच रेघा पेनाने मारायच्या. मूठ एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि हवेचा स्क्रू, तिथून पावपर्यंत स्लाइडचा कापलेला काठ, पाव ते पाऊण नीडल, आणि त्यापुढे मेन जेट. वेग काही का असेना, मूठ कुठे आहे त्यावर आत कुणाचं राज्य ते ठरतं. अडखळणं अर्ध्या मुठीला असेल आणि आपण मेन जेट बदलत बसलो, तर वांझोटी मेहनत. मी ते वर्षभर केलं आहे.

एक इशारा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते. शून्याखाली चाळीस अंशांनाही पेटू शकेल एवढी वाफ पेट्रोल सोडतं. आमच्या घरांत पडवीच्या मागेच न्हाणीची चूल असते आणि ती संध्याकाळी पेटते. ही सगळी कामं दिवसा, उघड्या खळ्यात, शेजारी वाळूची बादली ठेवून. वाळू तर दारातच आहे.

1 एप्रिल 2020 पासून नव्या दुचाकींवरचा कार्बोरेटर जवळजवळ संपला. बीएस-सहाचे नियम पाळायला पेट्रोल आता संगणक मोजून फवारतो आणि त्या गाड्यांपुढे आमच्या नळ्या-बाटल्या मुक्या आहेत. पण मांगरांतल्या जुन्या गाड्या अजून बऱ्याच आहेत आणि दर चतुर्थीला त्या खळ्यात येतात.

गेल्या चतुर्थीला ज्याच्याकडून नळीचा तुकडा आणला होता तो गवंडीच त्याची गाडी ढकलत आला. पेट्रोलचा वास मारत होती, वाटीतून थेंब गळत होते. मी नळी लावली, स्क्रू सैल केला. पेट्रोल चढलं आणि थांबलं. मी पट्टी आणायला आत जाणार, तोवर तो उकिडवा बसला. जोत्याकडे बघताना मिटतो तसा एक डोळा त्याने मिटला, वाटीचा सांधा आणि नळीतली रेघ यांच्यावर नजर धरली आणि म्हणाला, "एक सूत चढ असा."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी तरी पट्टी लावून पाहिली. तीन मिलिमीटर.